दाताला लावून बघितलेले मोती

मोती खरा की खोटा हे बघायचं तर तो पुढच्या दातावर हलकेच घासायचा. खरखरला तर खरा, गुळगुळीत सटकला तर काचेचा नाहीतर प्लास्टिकचा. हे मला आईनं शिकवलं. पुण्यात ती एका पेढीसाठी घरी बसून मोती ओवायची. मोत्यांची पुडी आली की आधी खिडकीशी जाऊन बसायची, कारण दिव्याच्या उजेडात मोती बघायचा नाही, हा तिचा दुसरा नियम. "दिवा काय, सगळ्यांनाच गोरं करतो," म्हणायची. मोती दिवसाउजेडी बघायचा आणि त्यात समोरची खिडकी दिसली पाहिजे, गजांसकट. पहिला नियम मी पाळत राहिले, दुसरा विसरले. पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये येऊन मला अठरा वर्षं झाली. एका डेंटिस्टकडे मी असिस्टंट आहे. दिवसभर लोकांचे जबडे, एक्स-रे, "ओपन वाइड प्लीज." माझं तोंड मुळातच तिखट, त्यामुळं दुसऱ्याचं तोंड उघडं आणि गप्प असलेलं मला मानवतं, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे.

इथं आले त्या पहिल्याच हिवाळ्यात ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये मी बर्फावरून घसरून सपशेल आपटले आणि बोंबलले, "आई गं!" तीन गाड्या सोडून एक बाई डिकीत पिशव्या ठेवत होती. ती वळली आणि म्हणाली, "मराठी ना? मग उठा, हात द्या. इकडं पडून राहिलात तर गोठाल." ती माझी मैत्रीण. तिनंच मला ड्राइव्ह करायला शिकवलं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस डब्यात मऊ भात आणि मेतकूट घेऊन येत होती, तेही ऑफिस करून. माझी मुलगी बाकी सगळ्यांशी इंग्लिशमध्ये बोलते, पण तिला "मावशी" म्हणते, आणि त्या एका शब्दाचा उच्चार तिला नीट येतो. सख्खी बहीण मला नाही, आणि ती असती तर यापेक्षा वेगळं काय केलं असतं, असं मी कितीतरी जणींना ऐकवलंय. आता ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

चार वर्षांपूर्वी तिचा जॉब गेला. महिनाभर रडली, मग कंबर कसली आणि घरच्या बेसमेंटमध्ये प्रदर्शनं भरवायला लागली. पैठण्या, ठुशा, कुंदनचे सेट, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर काळ्या मखमलीवर मोत्यांचे सर. "अकोया," ती सांगायची, "जपानचे. समुद्रातले. नदीतलं स्वस्तातलं काही माझ्याकडं मिळणार नाही." बायकांची झुंबड उडायची. बाहेर गुडघाभर स्नो, आत पिवळे दिवे, मसाला चहा, बटाटेवडे. कुणाला जावंसं वाटेल?

पहिल्या प्रदर्शनाच्या महिनाभर आधी माझा वाढदिवस होता. तिनं मला एक सर दिला. एकसारखे, गोल, पांढऱ्यावर किंचित गुलाबी झाक. मी म्हटलं, "अगं, वेडी का तू? तुझा जॉब नाही आणि तू मला मोती देतेस?" ती म्हणाली, "तुझ्या गळ्यात नाही घालायचे तर कुणाच्या? आणि ऐक ना, प्रदर्शनाला घालून ये."

मी घालून गेले. दर वेळी घालून गेले.

माझी आई मोती ओवायची हे तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मग बायका सर निवडून माझ्याकडं आणायच्या. "तू बघ गं जरा." मी टिश्यूनं मोती पुसायची, दातावर घासायची आणि मान हलवायची. खरखरायचा. प्रत्येक वेळी खरखरायचा. मैत्रीण माझ्या गळ्याकडं बोट दाखवून म्हणायची, "हिच्या गळ्यात आहेत ना, तेच. एकाच लॉटमधले." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. आईची विद्या अमेरिकेत कामाला आली म्हणून मी फुगले होते. आणि मोत्यात खिडकी दिसते का, हे बघायला त्या बेसमेंटमध्ये खिडकीच नव्हती.

आमच्याकडं एक काकू आहेत. सांगलीच्या, सत्त्याहत्तर वर्षांच्या, मुलाकडं राहतात. मंडळाच्या मराठी शाळेत त्यांनी इथली दोन पिढ्यांची पोरं घासून काढली, माझी मुलगीही त्यांच्याच हाताखाली बाराखडी शिकली. खाली-वर दोन्हीकडं कवळी, आणि ती नीट बसवून द्यायला त्या आमच्याच डेंटिस्टकडं येतात, त्यामुळं त्यांचं तोंड मला त्यांच्या सुनेपेक्षा जास्त माहितीचं. त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. नात इथं जन्मलेली, वकील, अंगावर सोन्याचा कण घालायची नाही. पण एकदा आजीला म्हणाली होती, "आय लाइक पर्ल्स." झालं. काकूंनी भारतात जाऊन आपल्या दोन पाटल्या मोडल्या आणि परत आल्यावर थेट प्रदर्शनात.

तो सर हातात घेऊन त्या माझ्यासमोर बसल्या. "माझी ही कवळी. तिला खरखर कळते का गुळगुळ? तू बघ. तू हो म्हटलंस की मी डोळे मिटून घेते."

मी मोती पुसला, दातावर घासला आणि म्हटलं, "घ्या काकू. खरे आहेत."

लग्नात नातीनं पांढऱ्या गाउनवर तो सर घातला होता आणि काकू हॉलभर सांगत होत्या, "समुद्राचे मोती आहेत हो, जपानचे."

दोन महिन्यांनी नातीनं, या देशात सगळे करतात तसं, दागिन्यांचा विमा काढायचा म्हणून सगळं अप्रेझलला नेलं. डाउनटाउनमध्ये एका म्हाताऱ्या बाईचं दुकान आहे, ती तपासून कागद करून देते. कागदावर आलं: गोड्या पाण्यातले कल्चर्ड, म्हणजे नदीतळ्यात पिकवलेले मोती. किंमत काकूंनी दिली त्याच्या पाव हिश्शाहून कमी.

नात चांगली पोरगी. तिनं काकूंच्या गळ्यात हात टाकून सांगितलं, "आजी, इट्स ओके. दे आर स्टिल प्रिटी." काकूंनी मला फोन केला. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तू दाताला लावून बघितलेस ना गं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दुकानदारणीलाच काही कळत नसणार, असं म्हणत मी दुसऱ्या दिवशी काकूंकडून तो सर आणि तो कागद मागून घेतला आणि तरातरा तिच्या दुकानात गेले. बाई ऐंशीच्या घरातली, शांत. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुझ्या आईनं सांगितलं ते बरोबरच आहे. दात फक्त नकली मोती ओळखतो. हे नकली नाहीत. हे मोतीच आहेत, फक्त समुद्राचे नाहीत. नदीतला काय आणि समुद्रातला काय, दाताला दोन्ही सारखेच लागतात.

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

मग तिनं मला समजावलं, शाळेतल्या मुलीला समजवावं तसं. समुद्रातल्या शिंपल्यात आधी एक गोल मणी ठेवतात. शिंपला त्यावर वर्ष-दोन वर्षं थर चढवत बसतो, आणि एका शिंपल्यातून मिळून मोती एक, फार तर दोन. त्यातही बरेच शिंपले मरतात, कित्येक मोती वेडेवाकडे निघतात. नदीतळ्यातल्या मोठ्या शिंपल्यात मणी नसतो. मांसाचा बारीक तुकडा ठेवतात, आणि एकाच शिंपल्यातून तीस-चाळीस मोती निघतात. म्हणून किमतीत एवढा फरक. मग गोलाई बघायची, कांती बघायची, डाग बघायचे, आणि एका सरात सगळे एकमेकांना शोभतात का ते. एका सरासाठी हजारो मोती चाळावे लागतात. "आणि सगळ्यात आधी पाणी बघ," ती म्हणाली, म्हणजे तिचा शब्द लस्टर होता, पण मला ऐकू आलं ते आईचंच. समुद्राच्या चांगल्या मोत्यात तुझा चेहरा रेघ न् रेघ स्वच्छ दिसेल. यात बघ, दुधात बघितल्यासारखं वाटतं.

मी तिच्या दुकानाच्या काचेसमोर काकूंचा सर धरला. खिडकी दिसली नाही. पांढरा धूसर ठिपका दिसला.

गंमत म्हणजे आतला तो मणी बऱ्याचदा इथल्याच मिसिसिपी नदीतल्या शिंपल्याचा असतो म्हणे. इथून जपानला जातो आणि मोती होऊन परत येतो. एरवी मी यावर दहा मिनिटं हसले असते.

तिथून तशीच मैत्रिणीकडं गेले. तिनं कागद वाचला आणि भोकाडच पसरलं. "मलाही फसवलं गं त्या होलसेलरनं! मला मेलीला काय कळतंय मोत्यातलं? मी आपली तुझ्या भरवशावर. तू हो म्हणायचीस म्हणून मी विकायची. आणि तुझा सर त्याच लॉटमधला आहे, माहितीये ना? मी तुला फसवेन का? तुला?"

तिचं नाक लाल झालं होतं. मीच तिला पाणी दिलं. मीच तिची पाठ थोपटली. माझ्याच दातांनी तिला तोंडघशी पाडलं, असं मला वाटलं आणि मी तिच्यापाशी माफी मागितली. हो, मी. मी तिची माफी मागितली!

मग मी तिची वकिली सुरू केली. मंडळात कुजबुज झालीच होती. एक बाई म्हणाली, "तुम्ही दोघी मिळूनच असाल." दुसरी म्हणाली, "हसतील त्यांचे दात दिसतील, आम्ही काय बोलणार," आणि माझ्या दातांकडं बघून खरंच हसली. मी प्रत्येकीला ठणकावून सांगत होते की ती स्वतःच फसलीये. आणि काकूंच्या घरी जाऊन, त्यांच्या सोफ्यावर बसून, त्यांचा हात हातात घेऊन मी म्हटलं, "काकू, ती फसली. मी तिला अठरा वर्षं ओळखते. चूक माझी, तिची नाही." काकूंनी माझ्याकडं बघितलं. "तू म्हणतेस ना? मग तसंच असेल," म्हणाल्या. नातीला आणि सुनेलाही त्यांनी तसंच सांगितलं.

पण मनात कुठंतरी सलत होतं. दोन वर्षांपूर्वी मी माझा सर सोडून नव्या रेशमात ओवला होता, प्रत्येक मोत्यानंतर गाठ, आईसारखी. तेव्हा भोकाच्या तोंडाशी मला कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक बारीक रेघ दिसली होती. मी ती घाण समजून सुईनं खरवडली होती. काकूंचा सर अजून माझ्याकडंच होता, त्याच्या मोत्यांच्या भोकाशी तशी रेघ नव्हती. मी दोनदा बघितलं. मग म्हटलं, जाऊ दे, तुझे डोळे म्हातारे झाले.

नाही राहवलं. एक दिवस दुपारी एकची अपॉइंटमेंट कॅन्सल झाली. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, "एक्स-रे काढू का? दातांचा नाही, मोत्यांचा." त्यांनी सँडविच खाता खाताच हात हलवला. "जस्ट डोन्ट बिल द इन्शुरन्स."

मी काय मागत होते ते सांगते. त्या खुर्चीशी उभी राहून मी हात जोडले आणि मनात म्हटलं, माझे मोती नदीचे निघू देत. हलके निघू देत, पाव किमतीचे निघू देत. एकाच लॉटमधले असतील तर काकूंसारखेच निघतील, आणि मग ती फसली एवढंच खरं राहील. आपल्या गळ्यातला दागिना हलका निघावा म्हणून प्रार्थना करणारी बाई तुम्ही बघितली नसेल. मी ती होते.

आधी काकूंचा सर ठेवला. स्क्रीनवर गोळे उमटले, आतपर्यंत एकसंध, मधे कुठं पुसट डाग. मणी नाही.

मग माझा सर ठेवला.

प्रत्येक मोत्याच्या आत एक गोल मणी. स्वच्छ, जणू कंपासनं काढलेला. त्याभोवती काळी बारीक रेघ, तीच, मी सुईनं खरवडलेली. आणि तिच्याबाहेर शिंपल्यानं चढवलेला थर, जाड, एकसारखा. सगळे मोती समुद्राचे, आणि उत्तम प्रतीचे.

डॉक्टर मागून बघत होते. "दोज आर द गुड वन्स, राइट?" म्हणाले. मी हो म्हटलं.

मी सर उचलला आणि खिडकीशी गेले. बाहेर पार्किंग लॉट, बर्फ बाजूला ढकलून केलेले ढीग, वरती फिकट ऊन. एकेका मोत्यात ती खिडकी दिसत होती, तिची मधली पट्टीसुद्धा. चार वर्षं ती माझ्या गळ्यात होती आणि मी एकदाही मान खाली घालून बघितलं नव्हतं.

संध्याकाळी मैत्रिणीकडं गेले. ती किचनमध्ये पोळ्या करत होती. मी फोनवरचे दोन्ही एक्स-रे तिच्यासमोर धरले आणि म्हटलं, "हा काकूंचा. हा माझा. एकाच लॉटमधले म्हणालीस ना? तुला फरक कळत नव्हता तर माझ्यासाठी बरोब्बर समुद्राचेच कसे निवडलेस?"

ती काही रडली नाही या वेळी. तव्याखालचा गॅस बंद केला. ओट्यावरचं पीठ पुसलं. मला वाटलं, आता म्हणेल चुकले. म्हणाली असती तर, देवाशपथ, मी तिथंच विरघळले असते. आपलेच दात, आपलेच ओठ, करणार काय? जॉब गेला, डोक्यात काही शिरलं, झालं, म्हणून मी सगळं पोटात घातलं असतं.

ती म्हणाली, "तुला तर खरेच दिले होते ना!"

आणि तिच्या डोळ्यांत खरंच दुखावलेपण होतं. माझ्यावर एवढा खर्च केला, एवढं प्रेम केलं, आणि मी हे तोंडावर फेकतेय, असं. "सगळ्यांना असले द्यायचे तर धंदा कसा करायचा गं? त्यांना कुठं कळतंय? तुला मी कधी हलकं दिलंय का? सांग, एकदा तरी?"

मऊ भात खरा होता. बर्फातून उचलणारा हात खरा होता. मोतीही खरे होते. आणि तेच खरे मोती माझ्या गळ्यात घालून, मला पिवळ्या दिव्याखाली उभं करून, तिनं माझ्या तोंडून चाळीसएक बायकांना फसवलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी तिला वाट्टेल ते बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, लिहिण्यासारखं नाही.

सगळ्यात कठीण काम त्यानंतरचं होतं. शनिवारी सकाळी काकूंकडं गेले. त्यांनी चहा टाकला. मी त्यांचा सर टेबलावर ठेवला, माझाही ठेवला, आणि सगळं सांगितलं, काही न गाळता. ती फसली नव्हती, तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि मी तुमच्यापाशी येऊन तिची हमी दिली तीही खोटी ठरली. मग मी म्हटलं, "काकू, हा माझा सर नातीला द्या. हा समुद्राचा आहे. मी तपासलाय."

काकूंनी बशीत चहा ओतला. प्यायल्या नाहीत.

"पहिल्यांदा चुकलीस ते दातामुळं," त्या म्हणाल्या. "ते मी समजू शकते. दुसऱ्यांदा कशामुळं गं?"

शाळेत विचारायच्या तसंच विचारलं. रागावून नाही, उत्तर हवं म्हणून.

"ती माझी मैत्रीण होती," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. तिच्यापुढं आलं नव्हतं ते सगळं तिथं आलं. काकूंनी मला रडू दिलं. मग माझा सर उचलून त्या खिडकीपाशी गेल्या, चष्मा वर सरकवला आणि मोती डोळ्यांजवळ धरला.

"दिसतीये हो खिडकी," म्हणाल्या. "सुरेख आहेत." परत आल्या, तो सर माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटवली. "नातीला तिच्या आजीचे आहेत ते बरे आहेत. हे तुझे. घाल की, खरे आहेत."

मी नाही घातले.